मुकादमानं बुजवलेली चाकोरी

रस्त्यांच्या संग्रहालयात, डांबराच्या दालनात शिरलं की डाव्या हाताला एक मोठा फोटो आहे. फोटोत डांबराचं पिंप, पिंपाखाली जाळ, धुरानं डोळे बारीक केलेली माणसं आणि पिंपामागून बाहेर डोकावणारं एक कोपर. ते कोपर मुकादमाचं.

हे मुकादमाला कुणी विचारत नाही, तो आपणहून सांगतो. शाळेची सहल येवो, परगावचं जोडपं येवो, नाहीतर उन्हाला कावून सावलीला घुसलेला एखादा फुगेवाला येवो. मुकादम त्याला फोटोपाशी थांबवणार, गणवेशाची बाही वर करणार, आपलं कोपर फोटोतल्या कोपराशेजारी धरणार आणि म्हणणार, "बघा. पटते का ओळख?"

लोक भिडेखातर हो म्हणतात. एकदा एका आगाऊ पोरीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही पिंपामागं काय करत होता?"

"काम," मुकादम म्हणाला.

खरी गोष्ट अशी की तो पिंपाच्या आडोशाला बसून बिडी पेटवत होता आणि फोटोवाला येऊन गेला हे त्याला फोटोवाला गेल्यावर कळलं.

अख्खी नोकरी मुकादमानं एकच काम केलं, खड्डे बुजवले. नवा रस्ता करायचा मान दुसऱ्या टोळ्यांना. त्यांच्या रस्त्यावर फीत बांधायची, साहेब कात्री घेऊन यायचे, टाळ्या पडायच्या. मुकादमाची टोळी यायची ती सगळं उखडल्यावर. पहारीनं खड्ड्याच्या कडा सरळ कापायच्या, आत झाडू मारायचा, डांबर शिंपडायचं, डांबरात घोळलेली खडी ओतायची आणि धुम्मसानं चोप चोप चोपायची. रस्त्यात खड्डा दिसला की मुकादमाच्या हाताला मुंग्या यायच्या. बायकोला दवाखान्यात नेतानासुद्धा तो रिक्षा थांबवून खाली वाकून बघून यायचा, आणि बायको आतून कण्हायची सोडून ओरडायची, "अहो, आधी मला बुजवा!"

काम तो जीव ओतून करायचा, त्यात खोट नाही. पण टिकायचं नाही. कधी ठेकेदार डांबरात हात आखडता घ्यायचा, कधी खडी ओली यायची, कधी गरम मालावरच एखादा लाकडाचा ट्रक चढायचा. थोड्याच दिवसांत खड्डा पुन्हा आ वासून हजर. लोकांना ठेकेदार दिसत नव्हता, मुकादम दिसायचा. भाजी घेताना, दाढी करताना, कुणाच्या मयताला जाताना, कुठंही गाठून म्हणायचे, "मुकादम, तुमचं बाळ चौकात परत तोंड उघडून बसलंय बरं का." गल्लीत त्याचं नावच पडलं ठिगळ मुकादम.

बायको तर घरचीच. "मी पोरांच्या चड्डीला लावलेलं ठिगळ बघा," ती म्हणायची. "चड्डी झिजून गेली, ठिगळ अजून शाबूत आहे. तुमचं उलटं. रस्ता राहतो, ठिगळ जातं."

तरी ठेकेदार, ट्रक, ओली खडी हे सगळं मुकादमानं पोटात घातलं असतं. पण त्याच्या नशिबात मेव्हणा होता.

मेव्हणा पाणीखात्यात, पाइप टाकणाऱ्या टोळीवर. त्याचं काम खणायचं. आणि त्याला तिथं चिकटवला कुणी? खुद्द मुकादमानं. नव्या लग्नाचे दिवस, बायको रोज कानाशी लागायची, "माझ्या भावाचं काहीतरी बघा ना." मुकादमानं ओळखीपाळखी काढल्या, साहेबांपुढं दाताच्या कण्या केल्या आणि मेव्हण्याला कुदळ मिळवून दिली. पहिल्याच आठवड्यात ती कुदळ पडली ती मुकादमानं आदल्या दिवशी चोपलेल्या जागेवर.

"अरे, ओलं आहे ते अजून!" मुकादम धावत आला.

"म्हणूनच म्हटलं दाजी, आत्ताच खणून घ्यावं," मेव्हणा म्हणाला. "वाळल्यावर जड जातं."

मग तो शिरस्ताच पडला. मुकादमानं बुजवायचं, मेव्हण्यानं खणायचं. लोक म्हणायचे, दाजी-मेव्हण्यानं मिळून दुकान काढलंय, एकमेकांना रिकामं बसू देत नाहीत.

हेही मुकादमानं सोसलं. बिनसलं ते लेकीच्या लग्नात.

त्या लग्नासाठी मुकादमानं आयुष्यातली एकमेव चैन केली. साहेबांची मनधरणी करून, उरल्यासुरल्या मालातून त्यानं आपल्या दारापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत डांबर टाकून घेतलं. स्वतः उभं राहून. असा सपाट तुकडा की मधोमध गोटी ठेवली तर जागची हलत नव्हती. पोरं येऊन मुद्दाम गोटी ठेवून बघायची आणि मुकादम दारातून बघणाऱ्यांना बघायचा.

लग्नाच्या सकाळी मेव्हणा टोळी घेऊन दारात उभा. नवरीचा मामा तो. अंगात नवे कपडे, केसाला तेल, हातात कुदळ.

"ताई, बरोबर तुमच्या दारासमोर खालचा जोड फुटलाय," तो बहिणीला म्हणाला. "आत्ता नाही खणलं तर लग्नघरात पाणी शिरेल."

मेव्हणा खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मुकादमाला जास्त राग आला. तो आडवा आला, मेव्हण्यानं बाजूला सारलं, झटापटीत मुकादमाचं कोपर मेव्हण्याच्या बरगडीत बसलं; पण खड्डा व्हायचा तो झालाच. पाहुणे फळीवरून यायला लागले. विहीणबाई, म्हणजे मुलाची आई, अंगानं भारदस्त. फळीवरून त्यांचा पाय सरकला आणि एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, दुसरा फळीवर, हातात नवरीसाठी आणलेलं साडीचं खोकं उंच धरलेलं, अशा त्या उभ्या राहिल्या. तशाही अवस्थेत त्या जे बोलल्या ते मुकादमाला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ आहे.

"रस्त्याचं खातं यांचं," विहीणबाई म्हणाल्या, "आणि दारातच खड्डा!"

संध्याकाळी मेव्हण्यानं खड्ड्यात माती लोटली आणि तो गेला. माती बसली, खळगा राहिला. आणि अख्ख्या गावातला तो एकच खळगा असा की मुकादमानं त्याला हात लावला नाही. "ज्यानं खणला त्यानं बघावं," म्हणाला. मेव्हणा म्हणाला, "बुजवणं माझ्या खात्यात येत नाही." दोघांचं बोलणं बंद. लेकीला पोरं झाली, पोरं शाळेत जायला लागली. विहीणबाई वर्षातून एकदा यायच्या, खळग्यापाशी थांबायच्या, पदर सावरून, सगळ्यांना दिसेल असा वळसा घालून आत यायच्या.

मुकादम निवृत्त झाला तेव्हा बायकोला वाटलं, चला, आता निवांत. पण हाताच्या मुंग्या निवृत्त होत नाहीत. पहिल्या महिन्यात त्यानं मोरीचा उतार चुकीचा म्हणून मोरी फोडली. मग स्वयंपाकघरातली फरशी एका कोपऱ्यात खाली बसलीय असं त्याला दिसलं. बायको अंगणात चूल मांडून रांधत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होती, "कुणीतरी कामाला लावा हो यांना. पगार नको. नुसतं घ्या."

अशात रस्त्यांचं संग्रहालय निघालं. रस्तेखात्याचंच जुनं गोदाम रंगवून घेतलेलं. पहिल्या दालनात पायवाटा, दुसऱ्यात दगड फोडायचे हातोडे आणि उचलून बघायला ठेवलेला धुम्मस, तिसऱ्यात डांबर. काचेच्या बरण्यांत खडीचे प्रकार, राळ्याच्या दाण्याएवढ्या बारीक कचीपासून मुठीएवढ्या दगडापर्यंत. अंगणात रंग दिलेला रोलर आणि ओळीनं मैलाचे दगड. संग्रहालय चालवायच्या एक बाई, सडपातळ, भराभर चालणाऱ्या, कायम काहीतरी शोधत असलेल्या. त्यांनी मुकादमाला राखणदार म्हणून घेतलं. पितळी बटणांचा गणवेश आला. त्यात मुकादम असा दिसायचा की लोक त्यालाच आधी नमस्कार करायचे.

त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी रस्त्याबद्दल शिव्या न देता प्रश्न विचारत होतं. तो उत्तरंही द्यायचा, बाई ऐकत नसल्या की अंमळ सढळ हातानं. "हे दगडी रस्ते कुणी बांधले?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "माझ्या आधीच्या मुकादमानं."

आणि मग ती शिळा आली.

शिळा आली त्या दिवशी मुकादमाची साप्ताहिक सुट्टी. दूरच्या एका डोंगरावरच्या जुन्या गाडीवाटेचा तो तुकडा. लांबरुंद काळा दगड आणि त्यात चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून पाडलेला खोल चर. चाकोरी. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी ती शोधून काढली होती, तिच्यावर निम्मं आयुष्य घातलं होतं आणि बाईंनी तेवढ्याच चिकाटीनं ती मिळवली होती. दगडाला जपायला मेणाचा हात दिलेला. शेवटच्या दालनात ती जमिनीच्या पातळीला बसवली. पाटी यायची होती, कठडा यायचा होता, प्राध्यापक पुढच्या शुक्रवारी यायचे होते.

दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईचा पाय त्या चरात अडकला आणि ती बादलीसकट आडवी झाली. संग्रहालयाच्या बाई तेव्हा बाहेर निघाल्या होत्या. जाता जाता मुकादमाला म्हणाल्या, "मुकादम, शेवटच्या दालनात कुणीतरी पाय मोडून घेईल. पाहुणे यायच्या आत काहीतरी करा बघू."

बाईंच्या मनात होतं की कोठीतला दोर बाहेर काढून चार खांब लावून बांधावा. पण मुकादमानं जन्मभर हेच ऐकलं होतं. साहेब गाडीच्या काचेतून म्हणायचे, काहीतरी करा, आणि मुकादम फावडं उचलायचा. दुसरं काही करता येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तो शेवटच्या दालनात गेला. पाहतो तर कोऱ्या करकरीत जमिनीत वीतभर खोल खड्डा. "ठेकेदार गेला तरी ठेकेदारी जात नाही," तो स्वतःशी म्हणाला, आणि हाताला मुंग्या आल्या.

अंगणात गवंड्यानं टाकून दिलेलं अर्धं पोतं सिमेंट होतं. वाळू होती. बारीक खडी नव्हती, पण बरण्या होत्या. मुकादमानं सगळा माल स्वतः कालवला, घमेल्यात, प्रेमानं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामावर ना ठेकेदार होता, ना ट्रक, ना मेव्हणा. त्यानं चर भरला, चोपला, थापीनं घोटला. मधे संग्रहालय दोन दिवस बंद होतं. तर हा बंद दाराचं कुलूप काढून सकाळ-संध्याकाळ येऊन त्यावर ओली पोती घालून जायचा, तापातल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी.

सोमवारी बाई आल्या तसं त्यानं त्यांना हातानं खूण करून बोलावलं. पोती काढली.

बाई बघत राहिल्या.

"मुकादम," त्या अगदी हळू म्हणाल्या, "इथं एक चाकोरी होती."

"होती," मुकादम म्हणाला. "चालून बघा. डोळे मिटून चाला."

"तुम्ही ती बुजवलीत?"

"कोपऱ्यात जरा माल जास्त झाला, पण घोटून काढलाय."

बाईंना बसावंसं वाटलं. दालनात बसायला काही नव्हतं, म्हणून त्या त्याच शिळेच्या कडेवर बसल्या. "मुकादम, तो खड्डा नव्हता. शेकडो वर्षं गाड्यांची चाकं जाऊन जाऊन पडलेली खूण होती ती. शेकडो वर्षांची."

"तरीच!" मुकादम म्हणाला. "मी म्हटलं, एवढा होईस्तोवर कुणी लक्ष कसं दिलं नाही."

मग बाईंनी त्याला नीट सांगितलं. प्राध्यापकांचं सांगितलं, डोंगरावरून ती कशी आणली ते सांगितलं. सांगता सांगता त्यांचं लक्ष उघड्या दारातून पलीकडच्या रिकाम्या बरण्यांकडं गेलं, तेव्हा त्यांनी त्या बोटानं मोजल्या. मुकादमाचा चेहरा उतरत उतरत पितळी बटणांपर्यंत आला.

"शुक्रवारच्या आत ती मोकळी झाली," बाई शेवटी म्हणाल्या, "तर मी काही पाहिलं नाही. नाही झाली तर मला वर सांगावंच लागेल. मग तुम्हाला ठेवणं माझ्या हातात राहणार नाही. आणि शिळेला एक चरा जरी गेला, मुकादम, तर मीही तुमच्याबरोबर घरी."

मुकादमानं छिन्नी आणली. हळूच ठोकली. छिन्नी टणकन उडाली आणि खोलीभर नाद घुमला. जरा जोरानं ठोकली. पांढरा ठिपका उठला, बाकी काही नाही. त्याहून जोरात मारायची सोय नव्हती, शिळेला तडा गेला असता. मुकादम गुडघ्यावर बसून त्या ठिगळावरनं हात फिरवत राहिला. ते निघत नव्हतं म्हणून त्याला घाम फुटला होता. आणि ते निघत नव्हतं म्हणूनच त्याच्या आत कुठंतरी कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते टिकाऊ ठिगळ त्याच्या हातून झालं होतं, आणि ते उखडलं तरच गणवेश राहणार होता.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती आधी हसली. डोळ्यांना पदर लावून हसली. भिंतीला धरून हसली. मग एकदम थांबली.

"म्हणजे तुम्ही पुन्हा घरी बसणार?"

नकळत मुकादमाची नजर मागच्या भिंतीवर गेली. भिंतीला किंचित पोट आलं होतं.

बायकोनं ती नजर पाहिली. ती उठली, चप्पल घातली. "चला."

"कुठं?"

"माझ्या भावाकडं. तुमचं केलेलं उखडायला त्याच्याइतका सराव दुसऱ्या कुणाला आहे?"

"त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. मेलो तरी."

"नका ठेवू. मी जाते, आणि तिकडंच राहते. मोरी, भिंत, उंबरा, सगळं घर तुमचं. बसा सपाट करत."

मेव्हणा अंगणात खाटेवर बसून नळाची तोटी खोलत होता. मुकादम उंबऱ्याच्या बाहेर, गणवेशात, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बहीण मधे स्टुलावर.

"ताई, दाजींना विचार, उभे का आहेत?"

"ह्याला सांग," मुकादम भिंतीला म्हणाला, "आम्ही बसायला आलो नाही."

"मग कशाला आलेत विचार."

"सांग ह्याला, एक काम आहे. खणायचं."

मेव्हण्यानं तोटी खाली ठेवली. "कुठं?"

"सांग, संग्रहालयात."

"काय खणायचं?"

"माझं ठिगळ."

मेव्हणा बहिणीकडं बघायला लागला. "ताई, ह्यांना ऊन लागलं का? ह्यांचं ठिगळ खणायला माणूस कशाला? दोन-चार दिवस थांबायचं, आपलं आपण निघतं."

"ह्याला सांग," मुकादम आता भिंतीला सोडून वळला होता, "हे निघत नाही. छिन्नी उडते त्याच्यावरून. छिन्नी!"

"उडत असेल. धार नसेल."

"धार? सकाळी लावलीय धार! ये, हात लावून बघ! तुझ्या बापजन्मी असा माल..."

"माझ्या बापाचं काढायचं नाही हं, दाजी."

"तुम्ही दोघं," बहीण म्हणाली, "माझ्या डोक्यावरून बोलायला लागलात, तर मी आत जाऊन वहिनीपाशी बसते." आणि ती खरंच आत गेली.

थोड्या वेळानं बाहेरून तोटी पिशवीत टाकल्याचा आवाज, मग पिशवी उचलल्याचा.

संग्रहालयात शिरल्यावर मुकादमाला राहवलं नाही. घाई होती, बाई वाट बघत होत्या, तरी डांबराच्या दालनात तो फोटोपाशी रेंगाळला. "ते पिंपामागं," तो हवेला म्हणाला, "कोपर आहे एक."

"ओळखलं," मेव्हणा न थांबता म्हणाला. "लेकीच्या लग्नात हेच बसलं होतं माझ्या बरगडीत."

शेवटच्या दालनात मेव्हणा ठिगळापुढं उकिडवा बसला. बोटाच्या पेरानं टकटक केली. कान लावला. मग सरळ पोटावर झोपला आणि गाल टेकून कडेनं बघितलं. पुढं सरकून पुन्हा टकटक केली. मुकादम गणवेशाचं खालचं बटण पिळत उभा.

"दाजी," मेव्हणा उठून धूळ झटकत म्हणाला, "कुणी केलंय हे?"

"कुणी म्हणजे? मी!"

"नाही, म्हणजे माल कुणी कालवला?"

"मीच."

"पाणी कुणी मारलं?"

"सगळं मीच! दोन वेळा पोती घालायला येत होतो."

मेव्हणा त्याच्याकडं बघत राहिला. त्यानं मुकादमाला गाडीत, रस्त्यात, लग्नात, भांडणात सगळीकडं पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. "मला वाटलं होतं तासाभराचं काम," तो म्हणाला. "हे घाम काढणार."

मुकादमानं नाक ओढलं. छताकडं बघितलं. दोघं आता थेट बोलत होते हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. दारात उभ्या मुकादमिणीच्या ध्यानात आलं होतं, पण ती श्वास रोखून होती.

ठोकाठोक बाईंनी करू दिली नाही. मेव्हण्याचाही तो विचार नव्हता. "दगडाला काही लावलंय का?" त्यानं विचारलं. "मेण," बाई म्हणाल्या, "शिळेला सगळीकडून मेणाचा थर आहे. आतूनही. म्हणजे चिकटलेलं नसणार, नुसतं अडकलंय." मेव्हण्यानं मान डोलावली. कड बारीक पोलादी पात्यानं मोकळी करायला अर्धा दिवस गेला. मग त्यानं सुक्या लाकडाच्या बारीक पाचरी काढल्या, एकेक करून फटीत बसवल्या, आणि पिशवीतून झारी काढली.

"आयुष्यभर पाण्यानं माझं काम घालवलं," मुकादम म्हणाला.

"मग आज का थांबेल?" म्हणत मेव्हण्यानं पाचरींवर धार धरली.

लाकूड फुगायला वेळ लागतो. चौघं भिंतीला टेकून बसले. बाईंनी चहा मागवला. मेव्हणा मधूनच पाणी घालत होता, मुकादम मधूनच म्हणत होता, "नाही निघायचं. मी सांगतो, नाही निघायचं." पहिल्यांदा तो ते काळजीनं म्हणाला. नंतर नंतर त्या म्हणण्याचा सूर काही वेगळाच येऊ लागला, आणि बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

उन्हं उतरायच्या सुमाराला 'कर्र' असा आवाज झाला. मुकादम दचकून उठला, अंगातलं काही निघाल्यासारखा. पाचरींनी ते अख्खं ठिगळ बोटभर वर उचललं होतं. एका अंगाला मेव्हणा, दुसऱ्या अंगाला मुकादम. "आता... हं... सांभाळून, दाजी, पाय!" एवढं लांबलचक ठिगळ अखंड बाहेर आलं, एक कपचाही न उडता. वरून सपाट, खालून होडीसारखं पोटाळं. आणि खाली चाकोरी, जशीच्या तशी, मेणानं चकाकत.

बाईंनी आत हात फिरवला. शेवटपर्यंत फिरवला. मग त्या डोळे पुसत हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "मुकादम, आता हे माझ्या नजरेआड करा."

इथं खरं भांडण झालं.

"हे मी नेणार," मेव्हणा म्हणाला. "मी काढलंय."

"आणि केलंय कुणी?"

"करतं कुणीही, दाजी. न मोडता काढलंय मी. जन्मात पहिल्यांदा तुमचं काम अख्खं बघितलंय. माझ्या गोठ्यापुढं टाकतो."

"गोठ्यापुढं! म्हशींसाठी!"

मुकादमीण मधे आली. "दोघांनी गप उचला," ती म्हणाली, "आणि मी सांगते तिथं टाका."

शुक्रवारी प्राध्यापक आले. काठी बाजूला ठेवून शिळेपाशी गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ त्यांनी चाकोरीवर नुसता तळहात ठेवला. "किती निगुतीनं ठेवलीय," ते म्हणाले. मुकादम बाईंच्या मागं उभा होता. त्याची छाती इतकी फुगली की एक पितळी बटण सुटून शिळेवरून घरंगळत थेट चाकोरीत गेलं. प्राध्यापकांनीच ते उचलून दिलं. परत जाताना ते खडीच्या बरण्यांपाशी थांबले आणि 'बारीक खडी' लिहिलेल्या रिकाम्या बरणीकडं बघून म्हणाले, "ही नवी आणायची आहे वाटतं?" बाई म्हणाल्या, "जुनी वापरात आहे."

ती कुठं वापरात आहे हे विहीणबाईंना त्या वर्षीच्या भेटीत कळलं.

रिक्षातून उतरल्या, पदर सावरला, नेहमीचा वळसा घालायला एक पाऊल बाजूला टाकलं आणि थबकल्या. दारासमोरच्या खळग्यात ते ठिगळ बसवलेलं होतं. पोट खाली, सपाट अंग वर, कडेनं माती चोपून. खळगा मेव्हण्यानं बेतानं खणून दिला होता, ठिगळ मुकादमानं पातळीत बसवलं होतं आणि पातळीवरून दोघांचं सकाळपासून दोनदा वाजलं होतं. आता ते दाराच्या दोन बाजूंना उभे होते. दोघांनी श्वास धरला होता.

विहीणबाईंनी आधी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग एक पाय ठेवला. मग त्या आपल्या सगळ्या भारदस्तपणासह दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या, आणि खात्री करायला एकदा जागच्या जागी बारीकशी उडी मारल्यासारखं केलं. काही हललं नाही.

"हं," विहीणबाई म्हणाल्या, आणि वळसा न घालता सरळ आत गेल्या.

मुकादमानं श्वास सोडला. त्याच्या लेखी तो "हं" फीत कापल्यासारखाच होता. तो खाली वाकला, ठिगळावरची विहीणबाईंच्या चपलेची माती त्यानं हातानं झाडली आणि कमरेवर हात ठेवून गल्लीकडं बघत उभा राहिला, कुणी बघतंय का ते बघायला.

मेव्हणा त्याच्या कानाशी वाकला.

"दाजी, टिकेल हे. फक्त एक ध्यानात असू द्या," तो म्हणाला. "याच्याखालून आमचा पाइप जातो."